नऊ दिवस रानात, उरलेलं वर्ष कपाटात

नवरात्राच्या आगेमागे माझ्या मावसबहिणीचा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून व्हॉइस मेसेज आला. आवाजात निम्मं हसू, निम्मी धास्ती. "दादा, शेजारचे आजोबा आमच्या पोराला नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात हरणाच्या शिकारीला न्यायचं म्हणतायत. त्यांचा नातू अकराचा, आमचा पण अकराचा. तो आत्तापासूनच घरभर नाचतोय. पाठवू का?"

तिच्या सासरी अंड्याचा तवासुद्धा वेगळा असतो. सासूबाईंना काय सांगायचं हा प्रश्न आम्ही तूर्त बाजूला ठेवला.

"वेडी आहेस का?" हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आमचं दोघांचं आजोळ एकच, सिंधुदुर्गातलं. तिथे माजघरात खुंटीवर आजोबांची ठासणीची बंदूक असायची. नळीत वरून दारू ओतायची, मग छर्रे, मग गजाने ठासायचं. परवाना पीक संरक्षणाचा: रानडुक्कर भातात शिरलं, वानरं माडावर चढली, तर बार काढायला. दर निवडणुकीला आजोबा ती पोत्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून यायचे आणि निकालानंतर परत आणायचे. त्यामुळे बंदूक असलेलं घर म्हणजे गुंडांचं घर, असं म्हणायची सोय आम्हा दोघांनाही नव्हती. मग दोन-तीन आठवडे मी वाचत गेलो आणि तिला हप्त्याहप्त्याने सांगत गेलो. तेच इथे थोडं नीट मांडतोय.

कायदा: आपला दोन ओळींचा, त्यांचा गुंतागुंतीचा

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ९ सांगतं की २१ वर्षांखालच्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. १९८३ च्या दुरुस्तीआधी ही अट १६ वर्षांची होती. शिकारीचं म्हणाल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी हौसेची शिकार मोठ्यांसाठीसुद्धा बंद केली. माणसाच्या जिवाला किंवा पिकाला धोका असेल तर वनखात्याच्या परवानगीने काय ते. लहान वयात बंदूक हातात घ्यायला कायदेशीर फट एकच, ती म्हणजे देखरेखीखालचं प्रशिक्षण आणि नेमबाजीचा सराव. तिच्याकडे नंतर येतो.

अमेरिकेत देशभर लागू असलेला १९६८ चा कायदा बंदूक विकणाऱ्या परवानाधारक दुकानदाराला बांधतो. रायफल किंवा शॉटगन १८ वर्षांखालच्याला विकायची नाही आणि पिस्तूल २१ खालच्याला नाही. १९९४ साली आणखी एक नियम आला: १८ खालच्या मुलाने पिस्तूल जवळच ठेवायचं नाही. त्यातही शेतीकाम, नेमबाजी, शिकार अशा अपवादांना पालकांच्या लेखी संमतीने मुभा आहे. पण लांब नळीची बंदूक, म्हणजे रायफल आणि शॉटगन, मुलाने *जवळ ठेवण्यासाठी* देशपातळीवर किमान वयच नाही. वडिलांनी नवव्या वाढदिवसाला रायफल दिली तर केंद्राच्या कायद्याची हरकत नाही. ज्या देशात २१ वर्षं पूर्ण होईपर्यंत बिअरची बाटली विकत मिळत नाही, तिथे हे चालतं. आता हसावं की रडावं, ज्याचं त्याने ठरवावं.

शिकारीचे नियम मात्र प्रत्येक राज्याचे वेगळे. विस्कॉन्सिनमध्ये शिकार करण्याचा हक्क २००३ पासून थेट त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेत आहे. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथे कायदा झाला की अनुभवी माणसाच्या सोबतीने शिकार करायला वयाची अटच नको. आधी ती दहा वर्षांची होती. पहिल्याच हंगामात वर्ष पूर्ण न झालेल्या दहा बाळांच्या नावे परवाने निघाले आणि जगभर बातमी झाली. बाळाने अर्थातच बंदूक धरली नसणार. जावळाचे केस जपून ठेवावेत तसं कुणीतरी कौतुकाने नावाचा कागद करून घेतला असावा, असा माझा अंदाज.

पण सगळी चर्चा त्या बाळांवर झाली आणि त्याच कायद्यातली खरी काळजीची गोष्ट बाजूला राहिली. आधीचा नियम असा होता की शिकवणारा आणि शिकणारा या दोघांत मिळून *एकच* बंदूक. म्हणजे मोठ्या माणसाचे हात मोकळे, डोळे मुलावर. २०१७ नंतर दोघांना आपापली बंदूक नेता येते. शिकवणाऱ्याने मुलापासून हाताच्या अंतरावर राहायचं हा नियम कायम आहे. त्या अंतराचा हेतूच हा की नळी चुकीच्या दिशेला वळली तर ती हाताने ढकलता यावी. स्वतःच्या खांद्याला बंदूक लावून समोरच्या हरणावर नेम धरून बसलेला आजोबा शेजारच्या नातवाची नळी कशी ढकलणार? माझ्या लेखी वयाच्या आकड्यापेक्षा ही दुसरी बंदूक जास्त धोक्याची.

पण शिकार हवीच कशाला?

बहिणीच्या नवऱ्याने हा प्रश्न विचारला. तो सॉफ्टवेअरमधला माणूस, त्याला हे सगळं रानटी वाटतं. विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणाचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. साडेपाच-सहा लाख माणसं रानात उतरतात. कोकणात शिमग्याला चाकरमानी गावी जातात तशी गावाकडची रानातली खोली झाडून-पुसून तयार होते, चुलत-मावस गोळा होतात, तेच ते किस्से पुन्हा सांगितले जातात. सगळ्यांच्या अंगात भडक नारिंगी जाकीट. माणसाला ते लांबून दिसतं, हरणाला तो रंग नीट कळत नाही. २०१६ पासून तिथे भडक गुलाबी जाकीटही चालतं. गुलाबी काढला की बायका शिकारीला येतील, हा हिशेब ज्यांनी केला त्यांचं मला अजून कौतुक वाटतं.

यामागे तीन गोष्टी आहेत. एक म्हणजे हरणं प्रचंड वाढली आहेत. त्यांना खाणारे लांडगे पूर्वीच मारून टाकले, आता बऱ्याच ठिकाणी नाहीतच. हरणं शेतं खातात, रात्री गाड्यांसमोर येतात. दुसरी गोष्ट मांस. एका हरणात कुटुंबाचा हिवाळा बराचसा निघतो. तिसरी गोष्ट पैसा, आणि ती बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर आहे, रायफल-शॉटगनवर ११ टक्के. १९३७ सालच्या एका कायद्यानुसार तो थेट वन्यजीव रक्षणासाठी राज्यांना वाटला जातो. म्हणजे तिकडचं रान सांभाळण्याच्या खर्चातला मोठा वाटा शिकारी भरतात. आणि शिकारी कमी होत चालले. १९९१ मध्ये सोळा वर्षांवरचे १ कोटी ४१ लाख होते, २०१६ मध्ये १ कोटी १५ लाख. म्हातारे घरी बसले, नवे येईनात. तेव्हा शिकारी संघटनांनी आणि बंदूक उद्योगाने राज्याराज्यांतून वयाच्या अटी खाली आणायची मोहीम चालवली. "मुलांना निसर्गाची ओढ लागावी" हे खरं आहेच, पण मागे हा हिशेबही आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

अकरा वर्षांच्या हातात बंदूक काय करते

काडतुसातली दारू पेटते, गोळी पुढे सुटते, आणि तितक्याच जोराने बंदूक मागे येते. आजोबांच्या बंदुकीचा दस्ता खांद्यात घट्ट रोवला नाही तर दुसऱ्या दिवशी खांदा काळानिळा पडायचा. मुलाचा हात आखूड असतो. मोठ्या माणसाच्या मापाची बंदूक दिली तर दस्ता खांद्याऐवजी काखेत किंवा दंडावर जातो, मान वाकडी होते, नळीचं वजन पुढे ओढतं. म्हणून मुलांसाठी आखूड दस्त्याच्या, एका वेळी एकच काडतूस बसणाऱ्या बंदुका करतात. सुरुवात बहुधा पॉइंट टू-टू ने, म्हणजे बारक्या गोळीच्या रायफलने होते. तिचा धक्का नावापुरता, आवाज त्या मानाने लहान. पण "लहान बंदूक" या शब्दावर जाऊ नये. त्या बारक्या गोळीच्या खोक्यावर छापलेलं असतं की ती दीड मैलापर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर, घातक ठरू शकते. हरणासाठी याहून जोरकस काडतूस लागतं.

धक्का हातात मावला नाही तर काय होतं, ते ऑगस्ट २०१४ मध्ये ॲरिझोनात दिसलं. पर्यटकांसाठीच्या एका नेमबाजी मैदानावर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात उझी ही स्वयंचलित बंदूक दिली. आधी एकेक गोळी झाडून झाली, मग बंदूक सलग गोळ्यांवर लावली. सलग गोळ्यांत प्रत्येक धक्का आधीच्या धक्क्यावर चढतो आणि नळी वर आणि बाजूला उसळते. शेजारी उभ्या प्रशिक्षकाच्या डोक्यात गोळी गेली आणि तो मेला. मुलगी शिस्तीत वागली होती, सांगितलं तेच तिने केलं. चूक तिची नव्हती, तिच्या मनगटाला झेपणार नाही ते तिच्या हातात देणाऱ्यांची होती.

आवाजाचंही तसंच. रायफलचा एक बार १४० डेसिबलच्या वर जातो, मोठी असेल तर १६० च्याही पुढे. कानावर टोप्या नसतील तर एका बारानेही कायमचं नुकसान होऊ शकतं. आणि शिशाची गोळी हरणाच्या अंगात फुटते, डोळ्यांना न दिसणारे कण मांसात दूरवर जातात. २००८ साली नॉर्थ डाकोटात गरिबांना दान आलेल्या हरणाच्या मांसात असे कण सापडले आणि ते मांस मागे घ्यावं लागलं. सहा वर्षांखालच्या मुलांनी आणि गरोदर बायकांनी ते खाऊ नये असं तेव्हा सांगितलं गेलं. तांब्याच्या गोळ्या मिळतात, महाग पडतात.

आता जमेची बाजू. शिकारीचं शिक्षण सक्तीचं करायला न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये सुरुवात केली. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ पासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे शिकार करायची तर तो अभ्यासक्रम करावा लागतो. शिकवतात त्यातल्या चार गोष्टी जगभर सारख्या आहेत. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजायचं. नळी कायम सुरक्षित दिशेला. झाडायचं ठरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. आणि समोर काय आहे हे तर पाहायचंच, पण *त्याच्या मागे* काय आहे तेही. चौथा नियम मला फार आवडला, कारण आपल्या कोकणात हाकाऱ्याच्या चोरट्या शिकारीत माणसं मरतात ती बहुतेक तिथेच. झुडूप हललं, डुक्कर समजून बार काढला, आणि पलीकडे आपलाच साथीदार. पेपरात दर एक-दोन वर्षांनी अशी बातमी असते आणि ती वाचताना गावाचं नाव आधी बघावं लागतं.

नारिंगी कपडे आणि सक्तीचं शिक्षण आल्यापासून अमेरिकेतले शिकारीतले बंदुकीचे अपघात खूप खाली आले. मोठ्याच्या सोबतीने, नियमात शिकार करणारं मूल तिथे तुलनेने सुरक्षित असतं. मी हे वाचलं तेव्हा मला ते पटवून घ्यायला वेळ लागला, कारण मला उलटं उत्तर हवं होतं.

मग मुलं मरतात कुठे?

२०२० मध्ये अमेरिकेत एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक ठरली. तोवर ते स्थान मोटार अपघातांचं होतं. त्या एका वर्षात ४,३०० हून जास्त मुलं गेली. त्यातले साधारण दोन तृतीयांश खून, तीस टक्क्यांच्या आसपास आत्महत्या. चुकून गोळी सुटून झालेले मृत्यू पाच टक्क्यांहूनही कमी. शिकारीतले मृत्यू त्याहूनही कमी, वेगळा रकाना करावा इतकेही नाहीत.

चुकून झालेले मृत्यूही पाहा. २००३ ते २०२१ या काळातल्या अठरा वर्षांखालच्या अशा १,२६२ मृत्यूंची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तपासली. ८५ टक्के मृत्यू घरात झाले. बंदूक बहुतेक वेळा भरलेली होती आणि कुलूप नव्हतं. आणि ती मुलांच्या हाती सर्वांत जास्त वेळा कुठून लागली? पलंगाशेजारचं कपाट, उशी, गादी.

म्हणजे "मुलांनी शिकार करावी का" या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. एक रानातला: नऊ दिवस, नारिंगी जाकीट, हाताच्या अंतरावर मोठा माणूस. दुसरा कपाटातला: वर्षाचे उरलेले सगळे दिवस, आणि तिथे कुणीच हाताच्या अंतरावर नसतं. वादावादी सगळी पहिल्यावर होते.

"पण मुलाला नीट शिकवलं तर तो हात लावणार नाही," असं शिकारी घरांत सांगतात. यावर २००१ साली छापून आलेला एक प्रयोग आहे, तो मी बहिणीला अख्खा वाचून दाखवला. आठ ते बारा वयाचे ६४ मुलगे, दोघा-तिघांच्या गटाने एका खोलीत बसवले. खोलीतल्या खणात खरं पिस्तूल लपवलेलं होतं. गोळी सुटणार नाही असं केलेलं, पण चाप पुरेशा जोराने ओढला तर पलीकडे दिवा लागेल अशी सोय. आरशामागून बघणारे बसले. २९ गटांपैकी २१ गटांना पिस्तूल सापडलं. १६ गटांनी ते हाताळलं. दहा गटांत कुणीतरी चाप ओढला. हाताळणाऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना बंदुकीच्या धोक्याबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं. आणि ज्यांना ते सापडलं त्यातल्या जवळपास निम्म्यांना ते खेळण्यातलं वाटलं, किंवा खात्री नव्हती.

खात्री कशी असणार? आपल्याकडचं पोर दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल बापाच्या पाठीला लावून फटाफट वाजवतं आणि बाप मेल्याचं सोंग करतो. जत्रेत फुग्यांवर छर्रे मारतं. खेळण्यातली आणि खरी यातला फरक हात लावून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि तोच तर घोळ.

"थांब, हात लावू नकोस, पळ, मोठ्यांना सांग" हा धडा अमेरिकेतल्या रायफल संघटनेने १९८८ पासून लहान मुलांना शिकवला. मुलं तो घडाघडा म्हणून दाखवतात. मात्र तपासून पाहिलं तेव्हा पाठ म्हणणारी मुलं प्रत्यक्ष बंदूक समोर आल्यावर तसं वागतातच असं नाही, हे दिसलं. पाढे येतात म्हणून बाजारात हिशेब येतो असं थोडंच.

आणखी एक अभ्यास, २००६ चा, अलाबामातल्या ग्रामीण भागातला. ज्या पालकांनी सांगितलं की बंदूक कुठे ठेवलीय हे आमच्या मुलाला माहीत नाही, त्यांच्या मुलांना वेगळं विचारलं. ३९ टक्के घरांत मुलाला जागा माहीत होती.

हे वाचून दाखवलं तेव्हा बहीण फोनवर गप्प झाली. मग म्हणाली, "दादा, पाट."

दुपारी सगळे निजले की आम्ही दोघं माजघरात पाटावर पाट ठेवून चढायचो. आजोबांनी "हात लावलात तर हात मोडीन" असं बजावलेलं होतं आणि ते त्यांच्या समजुतीने पुरेसं होतं. नळी थंडगार लागायची. मी चाप ओढला नाही, कारण माझं बोट पोचलं नाही. एवढंच कारण होतं. आजोबांना अगदी शेवटच्या दिवशीही कुणी विचारलं असतं तर त्यांनी देवाशपथ सांगितलं असतं की आमच्या पोरांनी बंदुकीला कधी बोट लावलं नाही.

मोठी झालेली मुलं

अकरा वर्षांच्या मुलाला कुतूहलाचा धोका. चौदा-पंधराच्या मुलाला दुसराच. त्या वयात मन एका संध्याकाळी तळाला जातं आणि दुसऱ्या दिवशी वर येतं. मध्ये बंदूक हाताशी असली तर दुसरा दिवस उगवत नाही. इतर मार्गांनी जीव द्यायला गेलेली बहुतेक मुलं वाचतात, बंदुकीने गेलेली बहुतेक वाचत नाहीत. आणि अशा घटनांत बंदूक बहुधा घरातलीच, आईवडिलांची असते. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की सर्वांत सुरक्षित घर म्हणजे बंदूक नसलेलं घर. असलीच तर रिकामी, कुलपात, आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात.

कायदाही हळूहळू कपाटाकडे वळतोय. विस्कॉन्सिनमध्ये १४ वर्षांखालच्या मुलाच्या हाताशी भरलेली बंदूक बेफिकिरीने सोडली आणि ती त्याच्या हातून झाडली जाऊन कुणाला इजा झाली, तर तो सोडणाऱ्याचा गुन्हा ठरतो. मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड गावच्या शाळेत २०२१ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थी मारले. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी आणलं होतं. २०२४ मध्ये आई आणि वडील, दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. असं अमेरिकेत पहिल्यांदाच घडलं.

बंदूक चालते, घरी येत नाही

मुलांच्या हाती बंदूक म्हणजे अमेरिकाच, असंही नाही. झुरिचमध्ये दर सप्टेंबरात तेरा ते सतरा वयाच्या मुलांची लष्करी रायफलने नेमबाजीची स्पर्धा भरते, शहराचा सणच असतो तो. १९९१ पासून मुलीही उतरतात. जर्मनीत सोळाव्या वर्षी शिकारीचा परवाना मिळतो, पण आधी अशी परीक्षा द्यावी लागते की लोक तिला थट्टेने हिरवी बारावी म्हणतात. अठरापर्यंत एकट्याने शिकार नाही.

आणि नेमबाजांचं कोल्हापूर. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य घेणारा कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. हा २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत आला तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. आमच्या मुंबईची अंजली भागवत एनसीसीतून पुढे आली. मुलांच्या हातात बंदूक नकोच असं म्हणणाऱ्याला ही नावं अडचणीची आहेत.

मी एकदा भाचीबरोबर रेंजवर गेलो होतो. लक्षात राहिली ती नारिंगी प्लास्टिकची दोरी. गोळ्या झाडून झाल्या की ती नळीतून आरपार घालून ठेवायची, म्हणजे लांबूनही दिसतं की नळीत काही नाही. एक पोरगी दोरी न घालता पाणी प्यायला वळली. सर ओरडले नाहीत. तिची रायफल काढून घेतली आणि तिला उरलेला तासभर बाकावर बसवलं. तिथे मुलाच्या समजूतदारपणावर काहीच सोडलेलं नसतं. बंदूक कुलपातून निघते, मोजून मिळतात तेवढे छर्रे मिळतात, आणि ती कुलपात परत जाते.

जीव घेण्याचं काय?

बहिणीला खरी टोचणी ही होती. मारताना बघून मूल निर्दय होईल का? माझं मत सांगतो, मत म्हणूनच घ्या. मांजराच्या शेपटीला फटाका बांधणारं पोर आणि चार तास थंडीत हलायचं नाही म्हणून बसणारं पोर, ही दोन वेगळी पोरं आहेत. अलास्कातल्या मूळ रहिवाशांत मुलाने केलेली पहिली शिकार घरात ठेवत नाहीत, म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाटून टाकतात. तिथे दुकान शेकडो मैलांवर. त्या मुलाला शिकार न शिकवणं हीच हयगय ठरेल. आणि चिकनच्या दुकानात पिंपामागे काय होतं ते न बघता अर्धा किलो घेऊन येणाऱ्या आपण शहाण्यांनी दयेच्या गप्पा जपूनच माराव्यात. पण अकराव्या वर्षी स्वतः गोळी घालण्याची घाई कशाला, याचं उत्तर मला कुठे मिळालं नाही. जखमी हरीण कधी कधी पळतं. मग बर्फावरचं रक्त बघत तासभर मागे जावं लागतं, आणि सापडल्यावर दुसरी गोळी. हे ज्याच्या हातून झालं त्याला ते कायमचं सोबत राहतं. बघायला जायला माझी हरकत नव्हती.

तसंच ठरलं. पोरगा जाईल, बंदूक धरणार नाही.

जायच्या आठवडाभर आधी बहीण शेजारच्या आजोबांकडे गेली आणि लाजत लाजत विचारलं की तुमच्याकडे बंदुका कशा ठेवता. तिला वाटलं, रागावतील. ते उठले आणि तिला तळघरात घेऊन गेले. लोखंडी कपाट, आकड्यांचं कुलूप. काडतुसांचा डबा दुसऱ्या भिंतीला, त्याची किल्ली आजींकडे. "चाळीस वर्षांत मला हे विचारणारी तू दुसरी आई," म्हणाले.

शनिवारी पहाटे पोरगा गेला. दुपारी आला तो पाय बधिर करून. हरीण दिसलं ते लांबून एक, शेपटी वर करून पळणारं. झाडावरच्या मचाणावर दोरीचा पट्टा बांधून बसवलं होतं, बोलायचं नाही म्हणून खोकला दाबून डोळ्यांत पाणी आलं, आणि सँडविच गोठलं होतं. शिवाय सासूबाईंना अजून कळलेलं नाही.

रात्री जेवताना बहीण नवऱ्याला आजोबांच्या कपाटाचं कौतुक सांगत होती. बोलता बोलता तिला मंडळातलं ते दुसरं घर आठवलं, आपल्याच लोकांचं, जिथे पोरगा महिन्यातून एकदा स्लीपओव्हरला जातो. तिथे कधी विचारलंच नव्हतं. तिने तिथल्या तिथे मेसेज केला. उत्तर आलं: हो गं, कोविडच्या वेळी घेतलं एक पिस्तूल, आजकाल भरवसा नाही ना. बेडरूममध्ये खणात असतं, साड्यांच्या खाली. मुलांना माहीत नाही.

तिने ते मोठ्याने वाचलं. पोरगा भात कालवत होता, मान वर न करता म्हणाला, "साड्यांखाली नाही आई. आता वरच्या बॅगेत असतं."